अमेरिकेत डायबिटीसमधल्या विषमतेवर, म्हणजे काही गटांना आजार जास्त आणि उपचार कमी यावर, काम करायचंय, एच-वनवरच्या पोस्टडॉकला सीड फंडिंग (सुरुवातीचा छोटा निधी) मिळेल का?

मिळू शकतं. तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीतल्या देशी लोकांवर काम करायचंय आणि व्हिसामुळे सगळे दरवाजे बंद वाटतायत, तर आधी तेच सांगतो. एनआयएच (आरोग्य संशोधनाला पैसे देणारी अमेरिकेची सरकारी संस्था) चे के-०१, के-२३ हे करिअर अवॉर्ड सिटिझन किंवा ग्रीनकार्डवाल्यांनाच मिळतात, ते वाचून आपली मुलं पुढचं काही बघतच नाहीत. के-९९ ला ती अट नाही. आर-०३, आर-२१ या छोट्या संशोधन ग्रँट्समध्ये अर्ज युनिव्हर्सिटीच्या नावाने जातो, तिथे तुमचं नागरिकत्व आड येत नाही, फक्त तुमची युनिव्हर्सिटी पोस्टडॉकला पीआय (प्रकल्पाचा मुख्य संशोधक) होऊ देते का ते विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी देत नाहीत.

पण खरं सीड फंडिंग म्हणाल तर पायलट अँड फिजिबिलिटी ग्रँट, म्हणजे हे काम जमेल का ते छोट्या प्रमाणात बघायला मिळणारे पैसे. एनआयडीडीके ही एनआयएचमधली डायबिटीस-किडनीची संस्था काही मोठ्या डायबिटीस सेंटर्सना पैसे देते आणि ती सेंटर्स त्यातले थोडे नवीन लोकांना वाटतात. विषमतेवरच्या कामाला त्यातली ट्रान्सलेशन रिसर्चवाली (सिद्ध झालेले उपाय लोकांपर्यंत कसे पोचवायचे यावर काम करणारी) सेंटर्स जास्त जवळची, शिकागो, न्यूयॉर्क, जॉर्जिया अशी. रक्कम सेंटरगणिक वेगळी, आर-०१ या एनआयएचच्या मोठ्या ग्रँटच्या मानाने चिल्लरच, आणि मुदत बहुतेक वर्षाची. ही घेतल्याने तुमचा अर्ली स्टेज इन्व्हेस्टिगेटरचा, म्हणजे एनआयएच नवख्या संशोधकांना देते तो, दर्जा जात नाही, हे महत्त्वाचं.

आता प्रपोजलबद्दल. मी असे अर्ज वाचायला बसतो तेव्हा दहातल्या सात-आठ जणांनी लिहिलेलं असतं की आम्ही ३० पेशंट घेऊ आणि सहा महिन्यांत त्यांची एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) कमी करून दाखवू. अहो ३० माणसांत ते दिसलं काय आणि नाही दिसलं काय, त्या आकड्यावर पुढच्या मोठ्या ट्रायलचं गणित मांडता येत नाही. पायलटमध्ये दाखवायचं ते हे की लोक यायला तयार होतात का, किती जण मधेच गळतात आणि का, क्लिनिकच्या नर्सला हे रोजच्या धबडग्यात जमतं का.

कारण उपाय काय ते बरंचसं माहीतच आहे. डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राम या अमेरिकेतल्या मोठ्या ट्रायलचा निकाल २००२ साली आला, खाणं-व्यायाम-वजन यावर काम केलेल्या गटात डायबिटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी, मेटफॉर्मिनच्या गटात ३१ टक्क्यांनी. अडतंय ते पोचवण्यात. आणि पोचवलं की काय होतं तेही दिसलंय, नेटिव्ह अमेरिकन लोकांसाठी १९९७ साली काँग्रेसने खास निधी सुरू केला, त्यांच्या दवाखान्यांनी टीम लावून बीपी-शुगर-किडनीचा नेमाने पाठपुरावा केला, आणि १९९६ ते २०१३ मध्ये डायबिटीसमुळे किडनी निकामी होण्याचं प्रमाण ५४ टक्क्यांनी घटलं. तो रिसर्चचा पैसा नव्हता हो, सेवेचा होता, पण तुमच्या अर्जात हे उदाहरण चालेल.

देशी लोकच का, हे रिव्ह्यूअर विचारणारच. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसालाही डायबिटीस होतो, पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम त्यावरच आहे, आणि अमेरिकन डायबिटीस असोसिएशननेही आशियाई लोकांच्या तपासणीसाठी बीएमआयची रेषा २५ वरून २३ वर आणलीय. एवढं दोन ओळींत लिहा, पानभर नको.

एक मात्र सांभाळा. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत फॉर्म वाटून पेशंट गोळा करायचा प्लॅन असेल तर तिथे भेटणारे बहुतेक आयटीवाले, कंपनीचा इन्शुरन्स असलेले, त्यांच्यावरच्या स्टडीला विषमतेचा स्टडी कोण म्हणणार? गॅस स्टेशनवर रात्रपाळी करणारे, दुकानात कॅशवर उभे राहणारे, मुलांकडे आलेले आणि स्वतःचा इन्शुरन्स नसलेले आईवडील, हे लोक उत्पन्नाप्रमाणे फी घेणाऱ्या कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये सापडतात. बजेटमधला मोठा हिस्सा तिथल्या गुजराती-हिंदी बोलणाऱ्या हेल्थ वर्करच्या पगाराला ठेवा. आयआरबीचं (माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीचं) काम पैसे येण्याआधीच सुरू करा, नाहीतर वर्षातले चार महिने त्यातच जातात.

आणि २०२५ मध्ये एनआयएचच्या बऱ्याच ग्रँट्स मधेच रद्द झाल्या, विषमतेवरच्याही त्यात होत्या, त्यामुळे जुनी यादी बघून अर्ज लिहायला बसू नका. सेंटरच्या प्रोग्राम मॅनेजरला दोन ओळींचा मेल टाका की यंदा अर्जांसाठी कॉल निघतोय का, आणि बाहेरच्या युनिव्हर्सिटीतल्या माणसाला चालतो का.