कृषी सल्ला : आरारूट, टॅपिओका आणि ‘चिकट’ मका

लागवडीच्या तोंडावर यंदा स्टार्चच्या पिकांबद्दल बरेच प्रश्न आले. ‘खास स्टार्चला फूड कंपन्या जादा भाव देतात’ हे बहुतेकांनी कुठूनतरी ऐकलेले आहे. ते खोटे नाही, पण अर्धवट आहे. सॉसच्या बाटलीवर बारीक अक्षरात आयएनएस १४२२ असे काही लिहिलेले दिसते, तो रासायनिक प्रक्रिया केलेला स्टार्च. असे आकडे लेबलवर नकोत, असे म्हणणारे ग्राहक वाढत आहेत. म्हणून मुळातच हवा तसा वागणारा स्टार्च देणारी पिके कंपन्या शोधतात. जादा भाव मिळतो तो या वागण्याला आणि शुद्धतेला. नुसते पीक उगवले म्हणून तो मिळत नाही.

पोफळीच्या आगरात मोकळी जागा आहे. आरारूट लावले तर कंद कोण घेईल आणि काय भावाने? (कुडाळ)

कंद कोणी घेणार नाही, असेच धरून चाला. पीक मात्र तुमच्या जागेला चांगले जुळते. माड-पोफळीची विरळ सावली आरारूट सोसते आणि भुसभुशीत, निचऱ्याच्या जमिनीत कंद सरळ पोसतात. पावसाच्या पहिल्या सरींवर दोन-तीन डोळे असलेले कंदाचे तुकडे ३० × १५ सेंमी अंतरावर लावा. बुडाशी शेणखत आणि आगरातला पाला भरपूर घाला. पाणी साचले तर कंद कुजतात, तेवढे सांभाळा.

पीक दहा-अकरा महिन्यांचे आहे, म्हणजे काढणी एप्रिल-मेवर येते. अडचण तिथेच आहे. ऊन उत्तम असते, पण विहिरीने तळ गाठलेला असतो आणि स्टार्च काढायला पाणी कंदाच्या वजनाच्या कित्येक पट लागते. त्यामुळे एप्रिलमध्ये तुमच्या विहिरीला किती पाणी असते ते आठवा आणि त्यावरून क्षेत्र ठरवा. पाने पिवळी पडून लोळू लागल्यावर कंद फार दिवस जमिनीत ठेवू नका. त्यात तंतू वाढतात आणि किसायला जीव जातो.

कंदात साधारण २० टक्के स्टार्च असतो. घरगुती किसणी आणि फडक्यावर कंदाच्या वजनाच्या १२ ते १५ टक्के हाती आला तरी चांगले म्हणायचे. म्हणजे १०० किलो कंदामागे १२-१५ किलो पीठ. या हिशोबाने ते मोठ्या गिरणीला द्यायला गेलात तर तुमची गाठ मक्याच्या स्टार्चशी पडेल आणि त्या भावात मजुरीही सुटणार नाही. तुमचे गिऱ्हाईक वेगळे आहे : उपवासाचे पदार्थ करणारे, बाळासाठी आणि आजाऱ्यासाठी लापशी करणारे, गहू न चालणाऱ्यांसाठी बेकिंग करणारे. या शेवटच्या गिऱ्हाइकासाठी पीठ गव्हाच्या गिरणीत दळू नका. चिमूटभर कणीक मिसळली तरी त्यांच्या पोटाला ती चालत नाही. पहिल्या वर्षी एक-दोन गुंठ्यांच्या पुढे जाऊ नका.

आमच्या बचत गटाचे आरारूट पिवळसर येते आणि त्याला आंबूस वास येतो. दुकानदार परत पाठवतो. (गुहागर)

दुकानदाराचे बरोबर आहे. कारणे तीन-चार असू शकतात, एकेक तपासा.

पहिले, साल. कंदावरचे खवले नीट काढले नाहीत तर रंग उतरतो आणि चव कडवट होते. आपली जांभ्याची लाल माती खवल्यांत अडकून बसते, म्हणून आधी धुवा, मग सोला, मग पुन्हा धुवा. दुसरे, किसणी. साध्या लोखंडाची असेल तर बदला, स्टेनलेस स्टीलची वापरा. काढलेला कंद एक-दोन दिवसांच्या आत किसला पाहिजे.

तिसरे, पाणी. माझा पहिला संशय यावरच आहे. पांढऱ्या बादलीत विहिरीचे किंवा बोअरचे पाणी रात्रभर ठेवा. सकाळी तांबूस साय किंवा तळाला गंजासारखा गाळ दिसला तर पाण्यात लोह आहे आणि ते स्टार्चला रंग देणार. असे पाणी उंचावरून धार धरून टाकीत पाडा, हवा लागू द्या, एक दिवस निवळू द्या आणि वाळूच्या गाळणीतून घ्या. निदान शेवटचे धुणे तरी चांगल्या पाण्याने झाले पाहिजे.

आंबूस वासाचे कारण बहुतेक वेळा दिरंगाई असते. किसलेला लगदा कापडातून गाळला की दुधासारखे पाणी मिळते. स्टार्चचे कण जड, ते दोन-चार तासांत तळाशी बसतात. वरचे पाणी लगेच ओता आणि नवे घालून ढवळा. असे तीन-चार वेळा करा. ‘उद्या सकाळी बघू’ म्हणून एप्रिलच्या उकाड्यात भांडे तसेच ठेवले की आंबणे सुरू झालेच. प्रत्येक वेळी बसलेल्या थरावर करड्या-पिवळ्या रंगाची एक पातळ साय दिसेल. ती प्रथिने आणि बारीक तंतूंची असते. बोटाने किंवा उलथन्याने ती खरवडून टाका. त्यात थोडा स्टार्च जातो, जाऊ द्या. बायकांना ते जिवावर येते हे मी पाहिले आहे, पण माल परत येतो तो त्या सायीपायी.

वाळवताना थर पातळ ठेवा आणि वर मलमल अंथरा, धूळ बसत नाही. ड्रायर असेल तर सुरुवातीला ५० अंशांच्या वर नेऊ नका. ओला स्टार्च जास्त तापला की जागच्या जागी शिजतो आणि काचेसारखे टणक खडे होतात, मग ते दळले तरी पाण्यात नीट फुलत नाहीत. ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास आला की दळा, वस्त्रगाळ करा आणि हवाबंद भरा. पांढरेपणासाठी ब्लीच किंवा नीळ अजिबात नको.

गिऱ्हाइकाला पटवायचे तर चमचाभर पीठ कपभर पाण्यात त्याच्यासमोर शिजवून दाखवा. आरारूटची खळ जवळजवळ पारदर्शक होते, मक्याची पांढरट गढूळ राहते. टॅपिओकाचीही (साबुदाणा ज्या कंदाचा करतात त्याची) पारदर्शक होते, पण तिला लांब तार सुटते. बाजारात आरारूट म्हणून बरेचदा हे दोन्ही खपवले जातात, त्यामुळे ही चाचणी तुमच्या फायद्याची आहे.

साबुदाणा इतका खपतो, मग कोकणात टॅपिओका का नको? (राजापूर)

लावता येतो, रानडुकरे ठेवतील तर. खरी अडचण कारखान्याची आहे. काढलेला कंद दोन-तीन दिवसांत आतून काळा पडतो, म्हणून गिरणी शेताजवळ हवी आणि ती चालवायला शेकडो एकर हवेत. तमिळनाडूतल्या सेलममध्ये दुसऱ्या महायुद्धात परदेशी माल बंद झाल्यावर हा धंदा उभा राहिला. तिथे १९८१ पासून उत्पादकांची सहकारी संस्था आहे आणि सेलमच्या साबुदाण्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. महाराष्ट्र हे त्यांचे मोठे गिऱ्हाईक. दोन एकरांवर त्यांच्याशी स्पर्धा करू नका.

एक कंपनी ‘वॅक्सी’ मक्याचे बियाणे देऊन माल परत घेऊ म्हणते. खरे की फसवणूक? (मिरज)

मका खरा आहे; वॅक्सी म्हणजेच चिकट मका. नेहमीच्या मक्याच्या स्टार्चमध्ये सुमारे २५ टक्के अमायलोज असते, म्हणजे सरळ साखळीचा भाग. बाकी सारे फांद्या फुटलेले अमायलोपेक्टिन. शिळा भात टणक होतो तो मुख्यतः त्या सरळ साखळ्या पुन्हा जवळ येऊन घट्ट बसल्यामुळे. वॅक्सी मक्यात अमायलोज जवळपास नसतेच, म्हणून त्याची ग्रेव्ही थंड झाल्यावर गोठत नाही आणि पाणीही कमी सोडते. फ्रोझन पदार्थवाल्यांना हेच हवे असते. १९०८ मध्ये चीनमधून हे बियाणे अमेरिकेत गेले. युद्धात जावाचा टॅपिओका बंद झाला तेव्हा, १९४२ च्या सुमारास, ते तिथे व्यापारी पीक झाले. आपल्या ईशान्य भारतात चिकट मका लोक पूर्वापार खातात.

पण हा गुण सुप्त जनुकाचा आहे. शेजारच्या साध्या मक्याचा पराग आला की त्याच वर्षी, त्याच कणसात साधे दाणे भरतात. मिरजेत चारही बाजूंना मका असतो. म्हणून २०० मीटरहून अधिक अंतर ठेवा किंवा तुरे येण्यात तीनेक आठवड्यांचा फरक पडेल अशी पेरणी करा. दोन्ही जमत नसेल तर नाही म्हणा.

करारात तीन गोष्टी लेखी हव्यात : साध्या मक्यापेक्षा किती जादा दर, भेसळ किती टक्क्यांपर्यंत चालेल आणि ती कोण, कशी मोजणार. मोजायची रीत तुम्हालाही जमते. दाणा आडवा कापून आयोडीनचा थेंब टाका. साधा मका निळा-काळा होतो, वॅक्सी तांबूस-तपकिरी. माल भरण्याआधी ढिगाच्या वेगवेगळ्या भागांतून शंभर दाणे काढून कंपनीच्या माणसासमोर हे करा आणि आकड्याखाली त्याची सही घ्या. कराराचा मसुदा तालुका कृषी कार्यालयात दाखवायचा असेल तर बियाण्याचे पैसे भरण्याआधी या.