शिक्का माथ्याला, मोर्तब पायथ्याला

वाईहून प्रश्न आला आहे : 'शिक्कामोर्तब' या शब्दातला मोर्तब म्हणजे काय? की 'बाडबिस्तरा'सारखी ती नुसती जोडी आहे? आणि ग्रामपंचायतीच्या दाखल्यावरच्या गोल शिक्क्याला राजमुद्रा म्हणावे का?

नुसती जोडी नाही. हे दोन वेगळे ठसे. शिक्का पत्राच्या माथ्याशी उमटायचा. पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले, हे तो सांगे. मोर्तब उमटायचे मजकूर संपतो तिथे, शेवटच्या अक्षरांना लागून. शब्द मूळचा अरबी 'मुरत्तब', म्हणजे नीट रचलेले, लावून झालेले. जुन्या कागदांच्या शेवटी 'मोर्तब सूद' दिसते, त्यातल्या 'सूद'चा व्याजाशी काही संबंध नाही. तो फारसी 'शुद', म्हणजे 'झाले'.

मोर्तबाचे काम काय, हे शिवाजी महाराजांच्या छोट्या मुद्रेवरच कोरले आहे : 'मर्यादेयं विराजते'. मर्यादा + इयम्, ही सीमा शोभते आहे. (घाईत 'मर्यादेय' असे वाचून त्याचा अर्थ शोधणारे पुष्कळ भेटतात.) पेशव्यांच्या मोर्तबावर तेच सरळ शब्दांत आहे : 'लेखनसीमा'. या सीमेपुढे लिहिलेले ग्राह्य नाही. म्हणून ठसा मजकुराला भिडूनच हवा. मध्ये कोरी जागा राहिली, की तिथे एखादे गाव किंवा एखादा आकडा घुसवायला वाव. लांब कागद तुकडे चिकटवून केलेला असे, तेव्हा पाठीमागे जोडांवरही ठसे उमटवत. मधला तुकडा बदलला तर ठशाची दोन अर्धी जुळत नाहीत. आज दाखल्यावरचा शिक्का निम्मा फोटोवर, निम्मा कागदावर मारतात त्यामागची युक्ती हीच.

मोठ्या मुद्रेवरचा, म्हणजे माथ्याच्या शिक्क्यावरचा, मजकूरही वाचण्यासारखा असतो. बाजीरावांच्या शिक्क्यावर आहे : 'श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान, बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान'. पुण्यातून निघालेल्या कागदावर पहिले नाव साताऱ्याच्या छत्रपतींचे. सत्ता कुठून आली, ते एका ओळीत, वर निधान-प्रधान असे यमकही. शाहू महाराज 1749 साली वारले; पुढे माधवरावांच्या शिक्क्यावर 'राजा राम नरपति' आले. वरचा धनी बदलला की शिक्का नव्याने कोरणे आलेच.

'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता । शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते ॥' हा शिवाजी महाराजांच्या मोठ्या मुद्रेवरचा श्लोक सर्वांना पाठ असतो. महाराष्ट्र शासनाच्या गोल मुद्रेत मधोमध समई आहे आणि भोवती हाच श्लोक, फक्त तिसरा चरण बदललेला : 'महाराष्ट्रस्य राज्यस्य'. बदलणाऱ्याला छंदाची जाण होती. अनुष्टुभाच्या चरणात आठ अक्षरे, पाचवे लघु, सहावे गुरू. शा-ह-सू-नोः-शि-व-स्यै-षा मोजा ('व' पुढच्या जोडाक्षरामुळे गुरू), म-हा-रा-ष्ट्र-स्य-रा-ज्य-स्य मोजा. दोन्हीकडे हिशेब चोख. 'एषा' मात्र गेले. 'शहाजीपुत्र शिवाची ही मुद्रा'ऐवजी 'महाराष्ट्र राज्याची मुद्रा' एवढेच उरले. अर्थाला त्याने बाध येत नाही.

आता राजमुद्रा. ग्रामपंचायतीच्या शिक्क्याला ती म्हणू नये. तो कार्यालयाचा शिक्का. आजच्या कारभारी मराठीत राजमुद्रा म्हणजे सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शीर्षावरून घेतलेले, 26 जानेवारी 1950 रोजी स्वीकारलेले सिंहचिन्ह. त्याखाली देवनागरीत 'सत्यमेव जयते' नसेल तर चिन्ह अपुरे. रबरी शिक्क्यात जागा कमी पडली की नेमकी हीच ओळ गाळण्याचा मोह होतो. शिवाय हे चिन्ह कोणी वापरावे, हे 2005 चा कायदा आणि 2007 चे नियम ठरवतात. अनधिकृत वापराला दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माजी आमदार-खासदारांच्या लेटरहेडवरही ते चालत नाही. गाडीच्या काचेवर शिवरायांची अष्टकोनी मुद्रा लावतात तिलाही लोक राजमुद्राच म्हणतात, आणि शब्दार्थाने ते बरोबरच आहे; फक्त हा कायदा सिंहचिन्हापुरता आहे.

जाता जाता लिंगाचे. शिक्का पुल्लिंगी, मोर्तब नपुंसकलिंगी. समासात शेवटचे पद वरचढ ठरते, म्हणून 'निर्णयावर शिक्कामोर्तब झाले'. 'शिक्कामोर्तब झाला'ही कानावर येते, पण मला ते खटकते. आणि प्रस्ताव नुसता मांडला गेला असताना 'शिक्कामोर्तब' असा मथळा देऊ नये. तिथे फार तर शिक्का उमटला आहे. मजकूर अजून चालू आहे.