हप्ता धाकट्याने भरला, ताट मी सरकवलं

ताई,
वय ४९. तासगाव तालुक्यात अडीच एकर द्राक्षबाग. वडील गेले तेव्हा मी बारावीला होतो. शिक्षण सोडून बाग धरली, धाकट्याला इंजिनिअर केला. तो आता पुण्यात. यंदा रथोत्सवाला आला होता. दोन दिवसांनी मी शेतीकर्जाच्या सोसायटीत गेलो तर सचिव म्हणाले, "तुमचा थकलेला हप्ता धाकट्या साहेबांनी भरला की." घरी येऊन मी आमटी अळणी म्हणून ताट सरकवलं, आईला नको ते बोललो. धाकटा न जेवता पुण्याला गेला. मुलगी म्हणते, काका आले की तुम्ही असंच करता. बायको म्हणते, स्वभावच तापट. मलाही तेच वाटतं. स्वभावाला औषध नाही म्हणतात. असलं तर सांगा.
— एक थोरला

दादा,

तुमचं चार पानी पत्र वर थोडक्यात दिलं आहे. ते कागदावर लिहून फोटो पाठवलात, हे बरं झालं. टाइप केलं असतंत तर एक गोष्ट मला दिसलीच नसती. सचिवांच्या वाक्यापुढची अर्धी ओळ तुम्ही खोडली आहे. चांगली गिरवून खोडली आहे, तरी 'सगळ्यांसमोर' एवढं वाचता येतं. पत्रात 'राग' पानोपानी आहे. 'लाज' एकदाही नाही. मला वाटतं, ती त्या खोडलेल्या ओळीत आहे.

आधी तापट स्वभावाचं बघू, ते लवकर निकालात निघेल. गेल्या हंगामात व्यापाऱ्याने ठरलेला दर ऐन तोडणीला पाडला, असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा काय केलंत? त्याला चहा पाजलात, गोडीगुलाबीने घेतलंत आणि माल दिलात. सोसायटीतही 'बरं झालं' म्हणून हसत बाहेर पडलात. मग घरी आलात आणि आईवर तुटून पडलात. तुमचा राग माणूस बघून येतो, दादा. जिथून उलट उत्तर येणार नाही, तिथेच तो निघतो. हे ऐकायला कडू आहे, मला माहीत आहे. पण व्यापाऱ्यापुढे जो माणूस स्वतःला आवरू शकतो, त्याला आवरताच येत नाही असं मी कशी मानू?

आता सोसायटीतून घरी येतानाचा मोटारसायकलवरचा रस्ता आठवा. आमटी अजून चुलीवरच होती. तरी तुमचे कान तापले होते, छातीत काहीतरी दाटलं होतं, असं तुम्ही लिहिलंय. त्या वेळी डोक्यात कोणतं वाक्य फिरत होतं? माझा अंदाज सांगते: 'आता गावभर होणार, थोरल्याला झेपत नाही.' हे वाक्य रागाचं नाही, शरमेचं आहे. राग दारात आल्यावर आला, कारण तो सोपा पडतो. आपल्याकडे पुरुष चिडला तर कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण तोच म्हणाला, 'मला लाज वाटली', तर समोरच्यांना कुठे बघावं ते कळत नाही. म्हणून लाज, हेवा, भीती, दुःख, सगळं रागाच्याच वाटेने बाहेर पडतं आणि पुढे आपल्यालाही आत दुसरं काही होतं हे आठवत नाही.

भावनेला तिचं खरं नाव दिलं की तिचा जोर थोडा ओसरतो. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले आणि मेंदूचं स्कॅनिंग केलं. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द जोडताना, मेंदूतला अमिग्डाला नावाचा धोक्याची चाहूल घेणारा भाग कमी खवळला. फोटोतले चेहरे वेगळे आणि सोसायटीतली चार माणसं वेगळी, हे मला मान्य आहे. पण 'मला लाज वाटतेय' एवढं मनातल्या मनात म्हणायला काही खर्च नाही. मोटारसायकल थोडा वेळ बांधाला लावून म्हणालात तर आणखी बरं.

पण नाव दिलं म्हणजे झालं, असं नाही. लाज का वाटली? गावात कुणाच्या मुलाने, कुणाच्या जावयाने हप्ता भरला तर तुम्ही म्हणाल, नशीबवान आहे. तेच तुमच्या बाबतीत घडलं की अपमान होतो. म्हणजे मधे तुमचा स्वतःचा एक नियम उभा आहे. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ पासून जी उपचारपद्धती मांडली आणि महाराष्ट्रात डॉ. कि. मो. फडके यांनी जी रुजवली, तिचा सगळा भर या मधल्या नियमावरच आहे. घडलेली गोष्ट एक, तिच्याबद्दल आपण मनाशी बाळगलेला हट्ट दुसरा, आणि मग उसळलेली भावना तिसरी. आपण पहिलीला दोष देत बसतो आणि दुसरीकडे ढुंकूनही बघत नाही.

तुमचा नियम बहुधा असा आहे: थोरल्याने द्यायचंच, घ्यायचं कधीच नाही. घेतलं तर तो थोरला राहत नाही.

बारावीच्या पोराच्या खांद्यावर अचानक घर आलं, तेव्हा या नियमाने तुम्हाला उभं ठेवलं असेल. मी त्याला नावं ठेवणार नाही. पण आता तो कसा वागतो ते बघा. समजा, धाकट्याने एक रुपयाही दिला नसता. मग तुम्ही मला काय लिहिलं असतंत? 'पुण्यात मजा मारतो, घराकडे बघत नाही.' दिलं तरी तो चुकला, नाही दिलं तरी चुकला. ज्या नियमात समोरच्याला बरोबर वागायला जागाच नाही, तो नियम धाकट्यावर कितीही चिडलात तरी सुटणार नाही. 'हप्ता मी भरायलाच हवा होता' याऐवजी 'मी भरला असता तर मला आवडलं असतं, पण त्याने भरला म्हणून मी बागेतला बिनकामाचा माणूस होत नाही' असं म्हणून बघा. पहिल्यांदा खोटं वाटेल. वाटू दे. तीस वर्षं मुरलेलं वाक्य एका रात्रीत जागा सोडत नाही.

थोडं धाकट्याबद्दलही. तुमचा सगळाच राग गैरलागू आहे असं मी अजिबात म्हणत नाही. तुमच्या नावावरचं कर्ज तुम्हाला न विचारता फेडणं हे चुकलंच. हेतू चांगला असेल, पण सांगायला हवं होतं. ही तक्रार खरी आहे आणि ती सरळ त्याच्याकडे जायला हवी. आमटीच्या आड लपल्यामुळे तीही वाया गेली. त्याला वाटलं, दादा मिठावरून भांडतो.

आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी तुम्ही सहज एक वाक्य लिहून गेलात: 'मलाही गणित बरं जमायचं.' त्या वाक्याला एलिसची पद्धत लावू नका. ते दुःख आहे आणि त्यात सुधारण्यासारखं काही नाही. तुमचं शिक्षण सुटलं, हे घरात कधी कुणी मोठ्याने बोललंय का? आईला ठाऊक असेल. मुलीला बहुतेक नसावं. तिला सांगा. काका आले की बाबा असे का होतात, असं ती विचारतेय. तिला खरं उत्तर मिळायला हवं.

रोजच्यासाठी एक साधं काम. सकाळी बागेत जाता तेव्हा खिशात छोटी वही ठेवा. आदल्या दिवशी कुठे भडकलात, किंवा भडकता भडकता राहिलात, ते दोन-तीन ओळींत लिहा: काय घडलं, अंगात कुठे जाणवलं, मनात कोणतं वाक्य आलं. 'राग आला' एवढ्यावर थांबायचं नाही, रागाच्या आधी काय होतं ते शोधायचं. काही दिवसांनी पानं चाळलीत की तेच एक-दोन नियम पुन्हा पुन्हा भेटतील. मला तरी आजवर वीस वेगवेगळे नियम बाळगणारा माणूस भेटलेला नाही.

पहाटे तीनला जाग येते आणि मग झोप लागत नाही, असंही लिहिलंय. हे असंच चालू राहिलं, किंवा जगणंच नको वाटायला लागलं, तर माझ्या उत्तराची वाट बघू नका. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही.

आईची माफी आजच मागा. माफी मागताना हप्त्याची गोष्ट मधे आणू नका, नाहीतर ती सबब होईल. धाकट्याला फोन ऑक्टोबर छाटणीची धांदल सुरू व्हायच्या आत करा. दिवाळीला सगळे जमल्यावर नको, तिथे पुन्हा 'सगळ्यांसमोर' येईल. लांबलचक बोलायची गरज नाही. 'तू न विचारता हप्ता भरलास ते मला लागलं. सोसायटीत मला लाज वाटली, आणि ती मी आईवर काढली. पुढच्या वेळी आधी मला विचार.' इतकं पुरे. मग तो विचारेल, हप्त्याचे पैसे परत घेणार का, की राहू दे? त्याचं उत्तर फोन लावायच्या आधी ठरवून ठेवा. परत द्यायचे असतील तर कधी आणि किती, ते सांगा. ठेवून घ्यायचे असतील तर 'बरं झालं' म्हणा, सोसायटीत म्हणालात तसं नाही, खरोखरीचं.