जुने पाइप, नवे रेडिएटर : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : आमच्याकडे खोल्या तापवणारे, आतून गरम पाणी फिरणारे बिडाचे जुने रेडिएटर आहेत. पाणी गरम येतं, पण दोन खोल्यांत ते तळाशी गारच राहतात. सगळे एकदम बदलून टाकू का?

थांबा. रेडिएटर वर गार आणि खाली गरम असता, तर आत हवा अडकली आहे म्हणून ती सोडा एवढंच सांगितलं असतं. तुमच्याकडे उलट आहे, म्हणजे तळाशी गाळ बसलाय. लोखंड गंजून झालेली ही काळी पूड असते. वाटीभर पाणी काढा आणि त्यात लोहचुंबक फिरवा. काळी मिशी चिकटून वर येईल. हाच गाळ पाइपांतही असतो. तो न धुता नवे रेडिएटर लावलेत, तर त्यांच्या अरुंद वाटांत तो पुन्हा जाऊन बसेल. तेव्हा आधी पाइपांसकट सगळं धुऊन घ्या, मग पाण्यात गंजरोधक द्रव घाला. एवढ्यावर तळ तापला आणि सांधे पाझरत नसले, तर बिडाचे रेडिएटर काढू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : जुना पाइप अर्ध्या इंचाचा आहे आणि नवा व्हॉल्व्ह 15 मिलिमीटरचा. जुळेल का?

नावावर जाऊ नका. अर्धा इंची पाइप बाहेरून अर्ध्या इंचापेक्षा जाड असतो. कॅलिपरने बाहेरचं माप घ्या आणि मगच जोड विकत आणा. दोन पाइपांच्या मध्यांमधलं अंतरही मोजा. नवा रेडिएटर त्यात बसला, तर फरशी उकरावी लागत नाही. लोखंडी पाइप असेल, तर व्हॉल्व्ह सोडवताना दुसऱ्या पान्याने पाइप घट्ट धरून ठेवा. नाहीतर इथे दिलेला पीळ भिंतीआडच्या गंजलेल्या सांध्यापर्यंत जातो आणि गळती तिथे सुरू होते. पाइपांवर जुना पांढरा, प्लास्टरसारखा लेप दिसला, तर त्याला हात लावू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. आधी तपासून घ्या.

प्रश्न : आमच्या रेडिएटरला एकच पाइप आहे आणि बाजूने फुसफुस येते.

ही बहुधा वाफेची व्यवस्था आहे. गरम पाण्यासाठी बनवलेले चपटे पॅनेल रेडिएटर इथे चालत नाहीत. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवा. अर्धवट ठेवलात तर परतणारं पाणी वाफेच्या वाटेत अडकतं आणि पाइप ठणठणतात.

प्रश्न : पुढे हीट पंप (बाहेरची उष्णता ओढून घरातलं पाणी तापवणारं यंत्र) बसवायचा आहे. नवे रेडिएटर आताच्याच मापाचे घेऊ का?

नको, मोठे घ्या. कॅटलॉगमधले वॅट बहुतेकदा पाणी 75 अंशांवर येऊन 65 वर परततं आणि खोली 20 अंशांवर असते, असं धरून दिलेले असतात. म्हणजे पाणी आणि खोली यांत सरासरी 50 अंशांचा फरक. हीट पंपाच्या कोमट पाण्याने तो फरक 30 वर आला, की तोच रेडिएटर जेमतेम निम्मी उष्णता देतो. शिवाय हीट पंपाला पाणी जास्त वाहतं लागतं. तुमचे पाइप 8-10 मिलिमीटरचे बारीक असतील, तर रेडिएटर निवडण्याआधी ते पुरतील का याचा हिशेब करून घ्या.