रग्बीची शिष्यवृत्ती आणि मोडायला काढलेली ठेव

प्रश्न : मुलगी रग्बीत फ्लँकर आहे. अमेरिकेतल्या डिव्हिजन दोनमधल्या (कॉलेज खेळांच्या दुसऱ्या गटातल्या) एका विद्यापीठाने तिला ट्यूशन फीच्या 40 टक्के शिष्यवृत्ती देऊ केली आहे. फी वर्षाला 32,000 डॉलर, राहणं-जेवण 16,000. तिच्या शिक्षणासाठी 60,000 डॉलर साठले आहेत, पगारातून वर्षाला आणखी 8,000 निघतील. उरलेल्या पैशांसाठी निवृत्तीची मुदत ठेव मोडू का?

उत्तर : नको. निदान आत्ता हातात असलेल्या विद्यापीठाच्या पत्राच्या भरवशावर तरी नको.

लेकीने मिळवलंय ते लहान नाही. अमेरिकेत पुरुषांचं रग्बी एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संघटनेच्या, खेळांत नाहीच. महिलांचं 2002 पासून उदयोन्मुख खेळ म्हणून, म्हणजे पूर्ण दर्जा अजून न मिळालेला खेळ म्हणून, आहे. डिव्हिजन तीन आणि आयव्ही लीगमधली (हार्वर्ड, येलसारखी) विद्यापीठं तर खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. पण कौतुक एका वहीत आणि हिशेब दुसऱ्या वहीत लिहू या.

शिष्यवृत्ती 12,800 डॉलर. ती वजा जाता वर्षाला 35,200, म्हणजे चार वर्षांचे 1,40,800. तुमच्याकडे सगळे मिळून 92,000. तूट 48,800, आणि यात विमान, पुस्तकं, विमा धरलेलाच नाही.

आता तुम्ही पाठवलेलं पत्र. तुम्ही 40 टक्के म्हणता, पण पत्रात टक्के कुठेच नाहीत. आकडा आहे, 12,800. फी दरवर्षी 4 टक्क्यांनी वाढली असं धरलं, तर चार वर्षांत सुमारे 7,900 डॉलर जास्त जातील आणि ती वाढ सगळी तुमच्या माथी येईल. दुसरं, रक्कम 'दरवर्षी नूतनीकरणास पात्र' आहे. पात्र! मिळेलच असं कुणी म्हटलेलं नाही. ज्या मुदतीसाठी रक्कम मंजूर झाली, त्या मुदतीत दुखापतीमुळे ती कापता येत नाही, असा एनसीएएचा नियम आहे. तुमची मुदत एका वर्षाची. फ्लँकरचं कामच टॅकल करत, म्हणजे समोरच्या खेळाडूला पकडून पाडत, राहण्याचं. गुडघ्याचा लिगामेंट फाटला की अख्खा हंगाम जातो. पहिल्या वर्षानंतर शिष्यवृत्ती थांबली तर तूट आणखी 38,400 ने वाढते. ठेव मोडायचा निर्णय हा आकडा समोर ठेवून घ्यायचा असतो.

'तिकडे काम करून थोडंफार कमावेल' हे तुमचं वाक्य मी हिशेबातून खोडलं. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसमध्येच आणि आठवड्याला 20 तासांपर्यंतच काम करता येतं. हंगामात सराव आणि सामनेही आठवड्याला 20 तासांपर्यंत जातात. मग अभ्यास कधी? आणि पुढे कोचने राहण्या-जेवणाचे पैसेही देऊ केले, तर त्या भागावर तिथे कर लागतो, सहसा 14 टक्के आधीच कापून घेतात. फीपुरती शिष्यवृत्ती करमुक्त असते.

मग करायचं काय? कोचला नाही, प्रवेश कार्यालयाला लिहा. मुलीचे गुण चांगले आहेत असं तुम्हीच लिहिलंय, तर गुणवत्तेची वेगळी शिष्यवृत्ती मागा आणि ती खेळाच्या रकमेवर जोडून मिळते का, ते स्पष्ट विचारा. गुणांवरचे पैसे गुडघ्यावर अवलंबून नसतात, म्हणून मला ते दुप्पट मोलाचे वाटतात. वर्षाला 12,000 च्या आसपास मिळाले तर खुशाल पाठवा. निम्मे मिळाले तर उरलेल्यासाठी शैक्षणिक कर्ज काढा, ठेव तशीच राहू द्या. त्याहून कमी मिळाले तर माझं उत्तर नाहीच.

इंग्लंडचाही विचार करून पाहा. तिथे खेळाची मदत सहसा तुटपुंजी असते, पण पदवी तीन वर्षांत होते. एका वर्षाचा सगळा खर्च वाचतो. फक्त स्टुडंट व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून पैसे घेऊन खेळता येत नाही, हे तिला आधीच सांगा.

सही करायची तारीख जवळ आली असेल तर मुदतवाढ मागा. विचारल्याने जागा जात नाही. नूतनीकरणाच्या अटी आणि दुखापतीनंतर काय, ही दोन्ही उत्तरं ईमेलवर घ्या, फोनवर नको. ती आली की मला पाठवा, आकडे पुन्हा मांडू.