पेशी, कोशिका आणि स्नायू: एकाच शब्दाचे तीन अर्थ

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: ‘स्नायूची रचना सांगा’ या गृहपाठाच्या प्रश्नासाठी मी हिंदी व्हिडिओवरून टिपणं काढली. त्यात पेशी म्हणजे मसल आणि सेलला कोशिका. आमच्या मराठी पुस्तकात सेल म्हणजे पेशी. वसतिगृहातली बंगाली मैत्रीण म्हणते, स्नायू म्हणजे नर्व्ह. बाईंनी माझ्या अर्ध्या उत्तरावर फुल्या मारल्या. मराठीने हे शब्द चुकीचे उचलले आहेत का?

नाही. मराठीचं काही चुकलेलं नाही, हिंदीचं नाही, बंगालीचंही नाही. पण फुल्या का पडल्या ते आधी पाहू. तुझ्या टिपणातलं पहिलं वाक्य असं होतं: ‘पेशी अनेक पेशीतंतूंची बनलेली असते व प्रत्येक तंतू ही एक कोशिका असते.’ हिंदीत हे अगदी बरोबर आहे. स्नायू अनेक तंतूंचा बनतो आणि त्यातला प्रत्येक तंतू म्हणजे एकच लांबलचक पेशी, पुष्कळ केंद्रकं असलेली. मराठीत मात्र त्याच वाक्याचा अर्थ होतो, ‘सेल अनेक तंतूंची बनलेली असते आणि त्यातला प्रत्येक तंतू ही एक सेल असते.’ वाक्य तेच, शब्द तेच, आणि जीवशास्त्र चूक. ‘पेशी आकुंचन पावते’ हेही तसंच. मराठी वाचणाऱ्याला त्यावरून दंडातली बेटकुळी आठवणार नाही. मीठ लावलेली कैरीची फोड आठवेल, पाणी सुटून मऊ पडलेली. अतिपरासारी, म्हणजे पेशीतल्यापेक्षा जास्त क्षार असलेल्या, द्रावणात पेशीतलं पाणी बाहेर जातं आणि ती आकसते, ही शरीरक्रियेतली वेगळीच गोष्ट आहे.

आता शब्दाकडे येऊ. ‘पेशी’ संस्कृत आहे आणि तिथे त्याला बरेच अर्थ आहेत: मांसाचा गोळा, स्नायू, अंडं, तलवारीचं म्यान. महाभारतात गांधारीच्या पोटी जन्मते ती ‘मांसपेशी’, लोखंडाच्या गोळ्यासारखी घट्ट. तिचेच पुढे भाग करून तुपाच्या कुंभांत ठेवतात. आयुर्वेदाच्या सुश्रुतसंहितेतल्या शारीरस्थानात, म्हणजे शरीररचनेच्या भागात, माणसाच्या शरीरात पाचशे पेशी मोजल्या आहेत, त्यातल्या चारशे हातापायांत. या पाचशे पेशी म्हणजे सेल असणं शक्यच नाही. सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसणारे, शवविच्छेदनात हाताला लागणारे मांसाचे पट्टे आहेत ते. हिंदी आणि बंगालीने हाच अर्थ पुढे चालवला. म्हणजे त्या व्हिडिओतली ‘पेशी’ सुश्रुताच्या जास्त जवळची आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं.

मग मराठी पेशीचं मूळ कुठे? मला याचा सगळ्यात सुंदर धागा अमरकोशात, म्हणजे अमरसिंहाच्या जुन्या संस्कृत शब्दकोशात, सापडतो. पक्ष्यांच्या नावांच्या ओघात तिथे एक ओळ येते: ‘पेशी कोशो द्विहीनेऽण्डम्’. पेशी, कोश आणि अंड, तिन्ही शब्द अंड्याचे. ‘द्विहीने’ म्हणजे शेवटचा शब्द नपुंसकलिंगी, एवढीच व्याकरणाची टीप. ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मी बराच वेळ त्या पानावर थांबलो होतो. मराठीने सेलसाठी घेतलेला शब्द आणि हिंदीने घेतलेल्या ‘कोशिके’चं मूळ असलेला शब्द शेजारी शेजारी बसले आहेत, एकाच अर्थाने, आणि तो अर्थ अंडं! कवच, आत द्रव आणि त्यात जीव धरून असलेला एक भाग. कोंबडीच्या न फळलेल्या अंड्यातला पिवळा बलक ही खरोखरच एक पेशी असते, हे अमरसिंहाला माहीत असण्याचं कारण नाही. आपल्याला मात्र हा शब्द शोभून दिसायला तेवढं पुरेसं आहे. मराठी परिभाषा घडवणाऱ्यांनी ही ओळ समोर ठेवूनच शब्द निवडला, असा माझा दावा नाही. अर्थाची जागा भाषेत आधीपासून होती, इतकंच म्हणतो.

कोशिकेची कथा वेगळी. १६६५ मध्ये रॉबर्ट हुकने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्याला मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले आणि त्याने त्यांना ‘सेल’ म्हटलं. लॅटिनमध्ये ‘सेला’ म्हणजे लहान खोली. हुकने पाहिले ते मेलेल्या पेशींचे रिकामे कप्पे, नुसत्या भिंती. कोश म्हणजे पेटी, आवरण, साठवणीची जागा. लहान कोश ती कोशिका. हुकच्या शब्दाचा हा अर्थानुवाद आहे आणि चांगला आहे. तो मराठीला परकाही नाही. मराठी विश्वकोशाच्या अनेक नोंदींत ‘कोशिका’ वापरून कंसात ‘पेशी’ दिलेलं आढळतं. म्हणून मराठी उत्तरात कोणी ‘कोशिका’ लिहिलं तर मी ते चूक धरणार नाही. मात्र त्याच उत्तरात ‘पेशी’ स्नायूच्या अर्थाने आली की फुली मारेन.

‘स्नायू’ची गंमत याहून मोठी आहे. सुश्रुताचे स्नायू नऊशे, आणि ते ना मसल ना नर्व्ह. ते सांधे बांधून ठेवणारे दोर आहेत. तिथे नावेचा दाखला दिला आहे: फळ्या पुष्कळ बंधनांनी नीट बांधल्या की नाव जशी पाण्यात माणसांचा भार पेलते, तसे स्नायूंनी सांधे बांधलेले असल्यामुळे माणूस भार पेलतो. आज आपण यांना अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारे) आणि कंडरा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या) म्हणू. धनुष्याच्या दोरीलाही संस्कृतात स्नायू म्हटलेलं आहे. या मूळ ‘दोरा’तून मराठी, गुजराती आणि कन्नड मसलकडे गेल्या, बंगाली नर्व्हकडे गेली. हिंदीतही ‘स्नायु’ नर्व्हसाठी चालतो, जरी पाठ्यपुस्तकं आता ‘तंत्रिका’ लिहितात. तुझ्या मैत्रिणीला सांग की तिच्या अर्थाला फार लांबची सोबत आहे. ग्रीक ‘न्यूरॉन’ आणि लॅटिन ‘नर्व्हस’ हे शब्द ‘स्नायू’च्याच कुळातले. जुन्या ग्रीकमध्ये न्यूरॉन म्हणजेही आधी कंडरा आणि धनुष्याची दोरी. चेतातंतू, म्हणजे नर्व्ह, हा अर्थ नंतरचा. शरीर फाडून पाहिलं तर दोन्ही पांढरे, चिवट दोरेच दिसतात. एकाच नावाखाली आले यात नवल नाही.

नर्व्हसाठी मराठीत आता ‘चेता’ रुळला आहे: चेतापेशी, चेतासंस्था. आधी ‘मज्जातंतू’, ‘मज्जासंस्था’ होतं आणि बोलण्यात अजून आहे. पण अस्थिमज्जा म्हणजे हाडातला मगज, तिथे रक्तपेशी तयार होतात. तिचा चेतातंतूंशी घोळ होई. ‘चेता’मुळे तो मिटला, मला हा बदल फार आवडतो.

मराठी पेशी किती घट्ट रुजली आहे हे पुस्तकापेक्षा पावसाळ्यात जास्त कळतं. डेंग्यूच्या दिवसांत कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर बसा. ‘काल पेशी चाळीस हजार होत्या, आज साठवर आल्या,’ असं एक मावशी दुसरीला सांगत असते. दोघींनाही परिभाषा कोणी शिकवलेली नाही. त्या ज्यांना पेशी म्हणतात त्या प्लेटलेट, म्हणजे रक्तपट्टिका. काटेकोर बोलायचं तर त्या पूर्ण पेशी नव्हेत. अस्थिमज्जेतल्या प्रचंड आकाराच्या पेशींचे ते तुकडे असतात आणि त्यांना केंद्रक नसतं. निरोगी माणसात त्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण दीड ते साडेचार लाख असतात. गृहपाठात ‘रक्तपट्टिका’च लिही. पण शास्त्राचा शब्द असा काळजीच्या क्षणी तोंडून सहज येतो, तेव्हा तो भाषेचा झालेला असतो. आता त्याला संस्कृतातल्या जुन्या अर्थावरून माघारी बोलावता येणार नाही, बोलावूही नये.

म्हणूनच मला सध्या खटकतं ते ‘मांसपेशी’. व्यायामशाळांच्या फलकांवर, प्रोटीन पावडरच्या डब्यांवर ‘मांसपेशी बळकट करा’ असं मराठीत लिहिलेलं दिसतं. हा हिंदी मजकुराचा घाईने केलेला उतारा. आपल्याकडे पेशी, स्नायू आणि चेता अशी तीन वेगळी घरं लागलेली असताना त्यात ‘मांसपेशी’ घुसली, की नेमका तुझ्यासारखा गोंधळ आणखी शंभर वह्यांत होतो.

तर तुझं वाक्य मराठीत असं: ‘स्नायू अनेक स्नायुतंतूंचा बनलेला असतो व प्रत्येक स्नायुतंतू ही एक पेशी असते.’ हिंदी टिपणं वापरायला काहीच हरकत नाही. फक्त पेशी दिसली की स्नायू, कोशिका दिसली की पेशी, तंत्रिका दिसली की चेता आणि ऊतक (टिश्यू) दिसलं की ऊती, असं आधी पेन्सिलने बदलून घे, मग वाक्य लिही.

आणखी एक, बाईंनी बहुधा याचीही खूण केली असेल. एकटा ‘स्नायू’ दीर्घ, पण समासात पहिला आला की ऱ्हस्व: स्नायुतंतू, स्नायुपेशी, तसंच जीवाणू पण जीवाणुनाशक, विषाणू पण विषाणुजन्य. हे शब्द मुळात संस्कृतात ऱ्हस्व उकारान्त आहेत म्हणून. ‘पेशी’ संस्कृतातच दीर्घ आहे, त्यामुळे पेशीपटल, पेशीभित्तिका, पेशीद्रव हे सगळे दीर्घच राहतात. आणि अनेकवचनातही ती पेशीच: एक पेशी, अब्जावधी पेशी.