कूलंट गळतंय, स्टॉप-लीकची बाटली टाकू का?

प्रश्न: माझी पेट्रोल हॅचबॅक आहे, नऊ वर्षं झाली. कासारवडवली ते ठाणे स्टेशन रोजचं जाणं-येणं, घोडबंदर रोडचं ट्रॅफिक तुम्हाला माहितीच आहे. हल्ली कूलंट सारखं कमी होतं, दर आठवड्याला टॉप-अप करतोय. मेकॅनिक म्हणतो रेडिएटर बदला, स्पेअर पार्टवाला म्हणतो स्टॉप-लीकची (गळती बुजवणाऱ्या औषधाची) बाटली ओता, काम होऊन जाईल. गणपतीला चिपळूणला जायचंय. काय करू? आणि जुने ड्रायव्हर रेडिएटरमध्ये हळद टाकायचे, त्याने खरंच लीक थांबतं का?

उत्तर: बाटली आत्ता ओतू नका आणि रेडिएटरही लगेच बदलू नका, कारण गळतंय कुठून हेच अजून कुणी बघितलेलं दिसत नाही.

गॅरेजला जाऊन प्रेशर टेस्ट करायला सांगा. इंजिन थंड असताना रेडिएटरच्या कॅपच्या (झाकणाच्या) जागी हातपंप लावतात, कॅपवर लिहिलेलं प्रेशर भरतात, बहुतेक गाड्यांना ते ०.९ किंवा १.१ बार असतं, आणि दहा-पंधरा मिनिटं काटा खाली येतो का बघतात. होज पाईप, क्लिप, वॉटर पंप, रेडिएटरची प्लास्टिकची टाकी, जिथून गळत असेल तिथे ओल दिसते किंवा वाळलेल्या कूलंटचे डाग सापडतात. कॅपचं रबर गेलं असेल तरी कूलंट उडतं, आणि कॅप हा सगळ्यात स्वस्त पार्ट आहे. (गाडीखाली, डाव्या सीटच्या बाजूला, जमिनीवर साधं पाणी टपकत असेल तर ते एसीचं, त्याची काळजी करू नका. कूलंट रंगीत आणि चिकट असतं.)

हळदीचं खरं आहे, पूड भोकात अडकते आणि बारीक गळती तात्पुरती थांबते. स्टॉप-लीकचंही तत्त्व जवळपास तेच, कुणात ॲल्युमिनियमची पूड, कुणात तंतू, आणि सोडियम सिलिकेटवाली उष्णतेने घट्ट होतात. रेडिएटरच्या जाळीला सुईएवढं भोक असेल तर ते बुजू शकतं. फाटलेला होज, तडा गेलेली टाकी, वॉटर पंप, इथे भरवसा ठेवू नका. आणि जे भोकात अडकतं तेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत, थर्मोस्टॅटपाशी (कूलंटची वाट उघड-बंद करणारा व्हॉल्व्ह) आणि हीटरच्या कोअरमध्येही (डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर) साचतं, जास्त ओतलं तर लवकर. मग मोकळ्या रस्त्यावर गाडी ठीक वाटते पण गायमुखच्या चढाला एसी लावून जाममध्ये उभी राहिली की टेंपरेचरचा काटा वर. ठाण्यात हीटर कोण लावतं म्हणाल, पण इंजिन तापायला लागलं की एसी बंद करून हीटर फुल्ल करणं हा गाडी वाचवायचा एक हुकमी उपाय आहे, कोअर तुंबला की तोही गेला.

बाहेर कुठेच गळत नाही तरी कमी होतंय, रिझर्व्ह बाटलीत बुडबुडे येतायत, इंजिन गरम झाल्यावरही मागून पांढरा धूर, ऑइल दुधाळ, यातलं काही असेल तर हेड गॅस्केटचा (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) संशय घ्या आणि चिपळूणला ही गाडी अजिबात नेऊ नका. गॅस्केट गेलेलं असताना स्टॉप-लीकच्या बाटलीवर वेळ घालवला तर खर्च वाढतोच.

मग बाटली घ्यायचीच नाही का? लांबच्या प्रवासात डिकीत एक असू द्या, जोडीला पाच लिटर पाणी. माणगावच्या गणपती-जाममध्ये किंवा परशुराम घाटात जाळीला भोक पडलं आणि मेकॅनिक जवळ नाही, तेव्हा ती कामाची, घरापर्यंत पोचायला. आल्यावर कूलिंग सिस्टम फ्लश करून (आतून धुऊन) खरा पार्ट बदलायचा. गरम इंजिनाची कॅप मात्र कितीही घाई असली तरी उघडू नका, उकळतं कूलंट तोंडावर येतं. निदान अर्धा तास थांबा. आणि टेंपरेचरच्या काट्यावर पूर्ण विसंबू नका, कूलंट फारच कमी झालं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चुकीचं दाखवू शकतो, रिझर्व्ह बाटलीतली कूलंटची लेव्हल रोज सकाळी बघा.

जुनं कूलंट पार्किंगमध्ये सांडू देऊ नका, गटारातही ओतू नका. चवीला गोड असतं म्हणून सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात, आणि त्यातलं इथिलीन ग्लायकॉल थोडंसंही त्यांच्या जिवावर बेततं. गॅरेजवाल्याला डब्यात काढायला सांगा.